व्हाया आपटा, टू इटली!

इटलीतल्या चिंक्वे तेर्रे भागातलं मोंतेरोस्सो हा माझ्या लॅपटॉपचा वॉलपेपर. ट्रेनमधून उतरलं की समोर समुद्र! पण माझं ऑफिस ठाण्यात, नवऱ्याची कंपनी रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी आमच्या रजा काही जुळत नाहीत. मग गेल्या शनिवारी दोघांनी चक्क दिवा-रोहा मेमू पकडली.

आपटा स्टेशन आलं आणि हा एकदम शाहरुख झाला. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ची शेवटची ट्रेन इथेच सुटली होती. पडद्यावर पंजाब, प्रत्यक्षात आपलं रायगड! पुढे पेण. इथून पोह्याचे पापड घेतलेच पाहिजेत, यावर सासू आणि आई यांचं एकमत.

रोह्याला मध्य रेल्वे संपते, कोकण रेल्वे सुरू होते. समुद्र मात्र दिसत नाही. त्यासाठी कुंडलिकेच्या सोबतीने रस्त्याने रेवदंडा गाठायचं. पोर्तुगीजांच्या कोटात वसलेलं, नारळी-पोफळीतलं गाव. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, पण खाडीपलीकडे कोर्लईत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली अजून ऐकू येते. घ्या, युरोप!

तिथे वाळूत बसून, फोनवर नेहमी टाळलेला विषय निघाला. नोकरी कुणी सोडायची? भांडण झालं नाही, हे विशेष. ठरलं ते इतकंच: मी आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागायचं, तेही धाटावच्या घरून, त्याने ठाण्याकडे नोकरी शोधायची.

इटलीचे पैसे सध्या एफडीत आहेत. राहू देत!