रेघ कुणाच्या घरातून गेली?

फाळणीवरची चित्रं आणि मांडणशिल्पं आता मोठमोठ्या म्युझियमांत जाऊन बसलीत. त्यांचे जाडजूड कॅटलॉग निघतात. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून लोक दबक्या आवाजात बोलतात. आपली पोरं म्हणतात, सोड यार, गॅलरीवाल्यांची थेरं ही, आपल्याला काय त्याचं? माझं म्हणणं, सोडायचं नाही. ही कामं डोळे उघडे ठेवून बघायची, त्यातलं खरं ते घ्यायचं, आणि मग रोखठोक विचारायचं, यात आपलं घर कुठाय?

आधी खरं ते. झरीना हाश्मी १९३७ साली अलीगढला जन्मली. घरातली माणसं पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी कराचीला गेली, ही जगभर फिरत न्यूयॉर्कला स्थिरावली, २०२० मध्ये लंडनला वारली. २००१ साली तिनं एक लाकूडठसा केला, 'डिव्हायडिंग लाइन'. पांढऱ्या कागदावर एकच काळी वेडीवाकडी रेघ, बाकी काही नाही. १९४७ च्या जुलैत पहिल्यांदाच हिंदुस्थानात उतरलेल्या रॅडक्लिफ साहेबानं पाचएक आठवड्यांत आखून दिलेली ही रेघ. नकाशावर ती सरकारची असते. झरीनाच्या कागदावर ती घराला गेलेला तडा वाटते. पुढं २००४ साली तिनं बहिणीची पत्रं छापली. बहीण राणी कराचीत. आईबाप गेले, घर विकलं, हे सगळं तिनं उर्दूत लिहिलं पण टपालात टाकलं नाही, नंतर कधीतरी हातात दिलं. झरीनानं त्या ओळींवर घराचे आराखडे नि नकाशे ठसवले. दोन देशांच्या भांडणात दोन बहिणींचं बोलणं कसं अडकतं, हे त्यात भाषण न ठोकता कळतं.

नलिनी मलानी १९४६ ची, जन्म कराचीचा, घर उठून इकडं आलेलं. १९९८ साली पोखरणला अणुस्फोट झाला, त्यावर तिनं मंटोच्या 'टोबा टेकसिंग'चा धागा धरून व्हिडिओचं मांडणशिल्प उभं केलं. जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका, ट्रंकांत टीव्हीचे पडदे. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बाया, मधल्या अंतरातून एकच साडी घडी घालायला बघताहेत. घडी काही पडत नाही. पत्र्याची ट्रंक आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मुंबईत आलेल्या आपल्या प्रत्येक बापाच्या खाटेखाली ती होती.

इथवर ठीक. आता आपला सवाल.

पत्र लिहायला अक्षर लागतं. ट्रंक भरायला वस्तू लागतात. आणि निघून जायला कुणीतरी जाऊ द्यावं लागतं. १९४७ साली कराचीतल्या सफाई करणाऱ्या अस्पृश्यांना जाऊच दिलं नाही. त्यांचं काम 'अत्यावश्यक सेवा' ठरवलं आणि त्यांना अडकवून ठेवलं. हे गेले तर कराचीचे रस्ते कोण साफ करणार, हा तिथल्या राज्यकर्त्यांचा सवाल होता! धर्माच्या नावावर देश फाटला, लाखो माणसं इकडची तिकडं झाली, पण ज्याच्या हातात झाडू त्याला ना धर्म ना देश. बाबासाहेबांनी १९४७ च्या डिसेंबरात नेहरूंना पत्र लिहून या माणसांना सोडवून आणा म्हणून सांगितलं. त्या घरांचं काय झालं असेल? कोण निसटलं, कोण मागं राहिलं, कुणाची आई कुणाला परत दिसली नाही? त्यांची न टाकलेली पत्रंसुद्धा नाहीत, कारण पत्रंच नाहीत.

पूर्वेकडचं बघा. जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले आणि १९५० च्या ऑक्टोबरात राजीनामा देऊन भारतात आले. त्यांच्यामागं राहिलेले नामशूद्र शेतकरी पुढची कित्येक वर्षं लाटेलाटेनं येत राहिले. बाबू लोकांना कलकत्त्यात जागा झाली. यांना छावण्या आणि मग दंडकारण्य. १९७८ मध्ये ते बंगालात परतले, सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर त्यांनी स्वतःच्या हातांनी वस्ती उभी केली. १९७९ च्या जानेवारीत डाव्या सरकारनं नाकेबंदी केली, पुढं गोळीबार केला, मेमध्ये वस्ती उठवली. मेले किती, याचा धड हिशेब कुणी दिला नाही.

हे लांबचं नाही. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात याच निर्वासितांची गावं वसवली. तिथल्या नामशूद्रांचा भाऊबंद बंगालात राहिला तर तिथं तो अनुसूचित जातीत. इकडं मात्र राज्याच्या यादीत नाव नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं मागणी करत आले. थोरल्या चुलत्याच्या पोराला दाखला, धाकट्याच्या पोराला नाही. रक्त एक, जात एक, भोगलेलं एक. रॅडक्लिफ मेला तरी रेघ चालूच आहे, आता ती तहसील कचेरीतून जाते.

कुणी म्हणेल, मग झरीनाचं दुःख खोटं का? अजिबात नाही. आपल्याच गावात परकी झालेल्या मुसलमान बाईचं दुःख आहे ते, आपण त्याच्याशी स्पर्धा लावणार नाही. खोटं आहे ते समीक्षकांचं 'सगळ्यांचं दुःख एकच' हे बामणी कीर्तन. फाळणीनं सगळ्यांची घरं तोडली, पण सगळ्यांची सारखी तोडली नाहीत. वरच्याला घर सोडावं लागलं, खालच्याला सोडूसुद्धा दिलं नाही.

तेव्हा दोस्तहो, तुमच्यात जे चित्रं काढतात, कॅमेरा धरतात, नाटकं करतात, त्यांना सांगणं एवढंच. झरीनाची नक्कल करू नका. तिची हिंमत घ्या, की एका रेघेतसुद्धा सगळं घर मांडता येतं. त्या जंगलातल्या गावांत जा. म्हाताऱ्या बायांजवळ बसा, घाई करू नका. त्यांच्याकडं पत्र नसेल, रेशनकार्ड असेल, छावणीचा कागद असेल, नाकारलेला दाखला असेल. तेच तुमचं सामान. आणि केलेलं काम पहिल्यांदा गॅलरीत नेऊ नका. त्या गावाच्या चावडीत लावा. ज्यांचं घर तुटलं, त्यांना आधी बघू द्या. त्यांनी म्हटलं की हो, असंच झालं होतं, तर मग खुशाल न्या कुठल्याही म्युझियमात. नाही म्हटलं, तर फाडून टाका आणि पुन्हा बसा.