उद्या भरू की बॅग!

आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांचा एक लाडका सिद्धांत आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं होतं! आणि खरं सांगायचं तर होतंच. चार वर्षं जर्नलं, असाइनमेंट्स, प्रोजेक्ट रिपोर्ट सगळं असंच पार पडतं. मग एमएससाठी अमेरिकेला निघालेला आपला प्राणी हाच सिद्धांत बॅगेलाही लावतो. व्हिसा झाला, तिकीट आलं, आता दोन बॅगा भरायला कितीसा वेळ लागतो? उद्या भरू की!

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझा दादा गेला. निघायच्या दोन दिवस आधीपर्यंत बॅगा माळ्यावरच होत्या. एक्सेलमध्ये पॅकिंग लिस्ट मात्र झकास केली होती, रंगीबेरंगी! आई रोज विचारायची, हा रोज "करतो गं" म्हणायचा.

शेवटच्या दिवशी व्हायचं तेच झालं. तिकिटावर 23 किलोच्या दोन बॅगा, आणि एकच भरली 27 किलो. बॅग हातात घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग स्वतःचं वजन वजा करायचं, हा प्रयोग दहा वेळा झाला. भाजणी आत, मेतकूट बाहेर, मग उलट. आईने हौसेने घेतलेला मिक्सर 230 व्होल्टचा, अमेरिकेत प्लगला 120 व्होल्ट! लॅपटॉपचा चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालतो, मिक्सर नाही. इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर असून हे साहेबांना शेवटच्या संध्याकाळी आठवलं. त्यात आय-20 सापडेना. तो निघाला कुलूप लावलेल्या मोठ्या बॅगेच्या तळाशी. तिकडे उतरल्यावर आधी इमिग्रेशन आणि मग सामान, म्हणजे हा कागद हातातच हवा. पुन्हा सगळं उपसा!

या गोंधळात आजी हॉलमध्ये बसून होती. खास त्याच्यासाठी गावाहून एसटीने आली होती, वय 80. दोनतीनदा म्हणाली, "अरे, बस की जरा जवळ." हा म्हणाला, "आलोच आजी, पाच मिनिटं." झेरॉक्सला पळाला, आला, परत वजन. तेवढ्यात मुंबईची टॅक्सी दारात. घाईघाईत नमस्कार केला आणि गेला.

आता गंमत बघा. दादाचं काहीच विसरलं नाही! कुकरची जादा रिंगसुद्धा पोचली. म्हणजे आपला सिद्धांत खरा ठरला, शेवटच्या रात्री सगळं होतं. फक्त ते होण्यासाठी शेवटची संध्याकाळ खर्ची पडते. आणि परदेशी निघालेल्या माणसाकडे त्याहून किमती काय असतं हो?

माझ्या मते ही चालढकल आळसातून येत नाही. दादा आळशी नव्हताच. हॉलमध्ये बॅग उघडली की 'आपण चाललो' हे घरात सगळ्यांना, आणि मुख्य म्हणजे स्वतःला कळतं. बॅग माळ्यावर असेपर्यंत घर जसंच्या तसं असतं. हे मला समजतं. पण टाळलेलं काम नाहीसं होत नाही. ते सरकत सरकत नेमकं त्या शेवटच्या तासांवर येऊन बसतं, जे माणसांसाठी ठेवायला हवे होते.

म्हणून यंदा जाणाऱ्यांना हात जोडून विनंती. दोन आठवडे आधी बॅगा खाली काढा. पासपोर्ट, आय-20, ट्रान्स्क्रिप्ट्स यांची फाइल सगळ्यात आधी हातातल्या बॅगेत टाका. वजन तीन दिवस आधी करा. आणि शेवटचा दिवस चक्क रिकामा ठेवा. काय करायचं त्या दिवशी? काही नाही. आजीजवळ बसायचं.

दादा फोनवर दर रविवारी आजीशी अर्धा तास बोलतो. ती दर वेळी विचारते, "कधी येतोस?" तो म्हणतो, "येतो की, पुढच्या वर्षी."

सबमिशनला सरांच्या पाया पडून एक्स्टेन्शन मिळतं, राजेहो. त्या संध्याकाळला मिळत नाही.