विकलेल्या वस्तूचा मालक कोण?

स्कॉटलंडमधील डंडी शहरात टायमेक्स कंपनीचा कारखाना होता. १९८० नंतरच्या काही वर्षांत तेथील कामगारांनी, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीसाठी घरगुती संगणक जोडले. त्यांतील ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ एप्रिल १९८२ मध्ये जाहीर झाला. त्याच्या लहान नमुन्याची किंमत १२५ पौंड होती. १९८६ मध्ये सिंक्लेअर यांनी हा व्यवसाय अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीला ५० लाख पौंडांना विकून टाकला. १९९३ मध्ये टायमेक्सच्या कामगारांनी कपातीविरुद्ध संप केला, व्यवस्थापनाने संपकऱ्यांना बडतर्फ केले आणि त्याच वर्षी कारखान्याला कायमचे टाळे ठोकले. धंदा विकला गेला, कारखाना गेला, रोजगार गेला. त्या कामगारांच्या हातून घडलेली यंत्रे मात्र चाळीस वर्षांनंतरही चालत आहेत.

ती आपोआप चालत नाहीत. ब्रिटनमध्ये व युरोपात असंख्य हौशी मंडळी ती दुरुस्त करीत असतात. स्पेक्ट्रममधील स्मृतीच्या काही चिपांना तीन निरनिराळे विद्युत्‌दाब लागतात. ते पुरविणाऱ्या भागातील एक ट्रान्झिस्टर जळला की त्या चिपाही निकामी होतात. दुरुस्ती करणारा आधी हे तिन्ही दाब मोजतो, ट्रान्झिस्टर बदलतो, मग नेमकी कोणती चिप गेली ते शोधतो. कळफलकाखालची प्लास्टिकची पातळ पट्टी वयोमानाने ठिसूळ होऊन तडकते. तशी नवी पट्टी आता पुन्हा तयार केली जाते. काहीजण याच्याही पुढे जातात. जुन्या टीव्हीच्या अँटेनासाठी असलेली जोडणी वगळून ते चित्राचा संकेत थेट बाहेर काढतात, म्हणजे आजच्या पडद्यावर तो नीट दिसतो. कॅसेटच्या जागी ते नखाएवढे मेमरी कार्ड बसवितात.

हा सगळा सुखवस्तू लोकांचा पोरखेळ आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे विचारणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. या छंदात गतकाळाचे हळवेपण आहे, आणि जुनी यंत्रे साठवून चढ्या भावाने विकणारेही त्यात शिरले आहेत. परंतु एखादी वस्तू चाळीस वर्षे कशाच्या बळावर टिकते, या अर्थशास्त्राच्या गंभीर प्रश्नाचे उत्तर या छंदातून हाती येते, आणि ते कामगारवर्गाच्या कामाचे आहे.

वस्तू टिकते ती तिच्याविषयीचे ज्ञान कारखान्याबाहेर गेलेले असते म्हणून. अ‍ॅपल-२ या संगणकाच्या १९७८ च्या माहितीपुस्तकात सर्किटचा संपूर्ण आराखडा छापलेला होता. १९८२ च्या कमोडोर-६४ च्या प्रोग्रॅमरांसाठीच्या पुस्तकातही तो होता. सिंक्लेअरचा झेडएक्स-८१ तयार घेतला तर ६९.९५ पौंडांना आणि सुटे भाग घेऊन स्वतः जोडला तर ४९.९५ पौंडांना मिळे. स्पेक्ट्रमचा मेंदू असलेली झेड-८० ही चिप खुल्या बाजारात कोणालाही विकत घेता येत होती.

यावरून त्या काळचे भांडवलदार उदार होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. जोडणी आणि खटपट करणारे गिऱ्हाईक हीच त्यांची पहिली बाजारपेठ होती, म्हणून आराखडे छापले गेले. जेथे झाकून ठेवणे सोयीचे होते तेथे त्यांनी झाकलेच. कमोडोर-६४ चा वीजपुरवठ्याचा डबा आतून राळ ओतून बंद केलेला असे. तो उघडून दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य, आणि तो बिघडला की वाढीव दाब आत सोडून संगणकाच्या चिपा जाळतो. स्पेक्ट्रममधील फेरांटी कंपनीने बनविलेली खास चिप दुसऱ्या कोणाकडे मिळत नव्हती. क्रिस स्मिथ या अभ्यासकाने तिची अंतर्रचना उलगडून २०१० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. एकाच यंत्रात जो भाग उघडा होता तो सहज दुरुस्त झाला. जो झाकलेला होता त्याच्यासाठी कोणाला तरी विनामोबदला अपार कष्ट उपसावे लागले. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आज झाकण्याची ती रीत सार्वत्रिक झाली आहे. बॅटरी गोंदाने चिकटविली जाते, स्मृतीच्या चिपा मूळ पट्ट्यावरच झाळून टाकल्या जातात, आणि अस्सल सुटा भाग बसविला तरी कंपनीच्या संगणकाने ओळख पटविल्याखेरीज तो पूर्णपणे चालू नये अशी व्यवस्था केली जाते. जुने आयफोन मुद्दाम मंद केल्याच्या दाव्यांत अ‍ॅपल कंपनीने दोष अमान्य करूनही २०२० मध्ये ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे मान्य केले. पूर्ण किंमत मोजूनही खरेदीदार अशा रीतीने मालक होत नाही. तो कंपनीचे कूळ होतो. पेच केव्हा उघडायचा, कोणी उघडायचा, हे जमीनदार ठरवितो. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ज्या महाराष्ट्राने दिली आणि ऐकली, त्याला हे नाते समजावून सांगण्याची गरज नसावी.

या कुळवहिवाटीचा खर्च कोण सोसतो? २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्याच्या पाव हिश्शाचीही रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. उरलेल्यातला कितीतरी दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोचतो. तेथे गरीब स्त्री-पुरुष तारा जाळून तांबे काढतात आणि आम्लाच्या वाफा छातीत घेतात. नफा कंपनीच्या ताळेबंदात जातो आणि विष कामगाराच्या फुफ्फुसात.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. तो काही ठरावीक वस्तूंपुरताच आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबरात एक संकेतस्थळ उघडले. कंपन्यांनी आपण होऊन दिलेली माहिती संकेतस्थळावर ठेवल्याने ग्राहकाला हक्क मिळत नाही. हक्क म्हटला की तो न्यायालयात बजावता आला पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. वस्तूबरोबर तिचा आराखडा मिळालाच पाहिजे. सुटे भाग कंपनीच्या केंद्राला ज्या दराने मिळतात त्याच दराने कोणत्याही कारागिराला मिळाले पाहिजेत. आणि कंपनी बुडाली किंवा तिने उत्पादन थांबविले, तर त्या वस्तूचे ज्ञान सार्वजनिक झाले पाहिजे. ही तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. स्पेक्ट्रमच्या आतील मूळ प्रोग्रॅम सर्वांना वापरू देण्याची परवानगी अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९ मध्ये दिली, पण स्वामित्वहक्क स्वतःकडेच ठेवून. ती मेहेरबानी होती, आणि मेहेरबानीवर कोणताही हक्क उभा राहत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या एसटी स्थानकासमोरील मोबाइलच्या टपरीपर्यंत हजारो तरुण हातात झाळणी घेऊन पोट भरीत आहेत. त्यांना आराखडे मिळत नाहीत, भाग मिळत नाहीत, आणि कंपन्या त्यांना ‘अनधिकृत’ म्हणतात. कार्यकर्त्यांनी या टपऱ्यांवर गेले पाहिजे, या कारागिरांची संघटना बांधली पाहिजे आणि वरील तीन मागण्या त्यांच्या तोंडून विधिमंडळापर्यंत नेल्या पाहिजेत. डंडीच्या कामगारांचा कारखाना वाचविता आला नाही. त्यांच्या श्रमाचे फळ अनोळखी माणसांनी वाचविले. ते काम छंद म्हणून होते तोवर त्याला मर्यादा आहेत. त्याला कायद्याचे बळ मिळवून देणे हे चळवळीचे काम आहे.