आधी उंची, मग हॉटेल

अमाल्फी किनाऱ्यासाठी आपल्याकडे येणारा ग्राहक बहुधा एक छायाचित्र घेऊन येतो. डोंगराच्या अंगावर एकावर एक चढलेली गुलाबी-पिवळी घरे, कठड्यावर बोगनवेल, खाली निळे पाणी. “असंच हॉटेल बघा, खर्चाचं नंतर बोलू,” असे कोणी म्हटले की आपल्यातल्या अनेकांचा हात थेट पंचतारांकित हॉटेलांच्या यादीकडे जातो. दोन-तीन नावे, दर, रद्द करण्याची मुदत, आणि तासाभरात कोटेशन रवाना. त्या तासात एक प्रश्न विचारायचा राहून जातो: हे हॉटेल समुद्रापासून किती उंचीवर आहे आणि तिथून खाली उतरायचे कसे? या किनाऱ्यावर हॉटेल निवडणे म्हणजे मुळात उंची निवडणे, हे आम्हाला या अंकात ठासून सांगायचे आहे.

तारे त्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. इटलीत हॉटेलांना एक ते पाच तारे मिळतात आणि त्यांच्याही वर ‘पाच तारे लक्झरी’ अशी श्रेणी असते. ही वर्गवारी सरकारी आहे. देशाच्या किमान निकषांवर प्रत्येक प्रदेश आपले नियम करतो. मोजता येतील अशाच गोष्टी त्यात मोजल्या जातात: खोलीचे क्षेत्रफळ, स्वागतकक्षाचे तास, साफसफाई, कर्मचाऱ्यांना येणाऱ्या भाषा. न्याहारीच्या गच्चीपर्यंत पायऱ्या किती, पाण्यात पाय बुडवायला गाडी करावी लागते का, खिडकीतून समुद्र समोर दिसतो की मान वाकडी करून, याच्याशी ताऱ्यांना देणेघेणे नाही. रिमिनीसारख्या सपाट किनाऱ्यावर त्याने फारसे बिघडत नाही. अमाल्फीला सगळी सहल याच गोष्टींवर तरते किंवा फसते.

नकाशा एकदा नीट पाहू. लात्तारी पर्वताची दक्षिण बाजू थेट समुद्रात उतरते. व्हिएत्री सुल मारेपासून पोझितानोपर्यंत या भागात तेरा नगरपालिका आहेत. १९९७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवला तो हा पट्टा. त्यातले आत्रानी क्षेत्रफळाने इटलीतली सर्वांत लहान नगरपालिका; एका चौरस किलोमीटरचा जेमतेम आठवा हिस्सा. सपाट जमीन मुळातच नाही, त्यामुळे पोझितानो, अमाल्फी, रावेल्लो यांपैकी कुठेही रेल्वे पोचत नाही. उरतो तो एकोणिसाव्या शतकात बूर्बाँ राजवटीत बांधलेला एसएस १६३ क्रमांकाचा अरुंद रस्ता आणि हंगामातल्या फेरीबोटी, त्याही समुद्र शांत असला तर.

रस्त्याचे नियम आपल्या धंद्याच्या मुळाशी जाणारे आहेत. सुमारे साडेदहा मीटरहून लांब कोचना या पट्ट्यात बंदी आहे. त्याहून लहान पर्यटक बसनाही दिवसा पोझितानोकडून व्हिएत्रीकडे अशा एकाच दिशेने सोडतात. २०२२ पासून गर्दीच्या दिवसांत सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत गाड्यांना सम-विषम क्रमांकाचा नियम लागतो. टॅक्सी आणि चालकासह मिळणाऱ्या परवानाधारक गाड्यांना त्यातून सूट आहे. हे आदेश बदलत असतात, म्हणून डीएमसीकडून (तिथली व्यवस्था पाहणाऱ्या स्थानिक कंपनीकडून) दर हंगामाला ताजी प्रत मागवावी. स्वतः गाडी चालवण्याची हौस असलेल्या ग्राहकाला ती टस्कनीत भागवायला सांगावी. जुलै २०२४ पासून सालेर्नोच्या विमानतळावर प्रवासी विमाने उतरू लागली आहेत आणि रोमहून सालेर्नोपर्यंत वेगवान रेल्वेही आहे. त्यामुळे रावेल्लो, मायोरी, मिनोरी अशा पूर्वेकडच्या गावांसाठी दरवेळी नेपल्सहूनच जायला हवे असे नाही.

आता हॉटेलांकडे. या उतारावर त्यांचे ढोबळ तीन थर पडतात.

पहिला थर कड्यातल्या हॉटेलांचा. रस्त्यावरून आत शिरायचे आणि लिफ्टने खडकाच्या पोटातून समुद्राशी उतरायचे. पोझितानो आणि प्रायानो यांच्या मधले इल सान पिएत्रो हे त्याचे ठळक उदाहरण. कार्लो चिंक्वे यांनी ते १९७० मध्ये सुरू केले; त्याची लिफ्ट ८८ मीटर खाली खासगी किनाऱ्यावर जाते. अमाल्फीच्या वेशीवरचे सांता कातेरिना आणि कोंका देई मारिनीचे, २०२१ मध्ये उघडलेले बोर्गो सांतान्द्रेआ याच जातीचे. पोहणे, वाचन, दुपारची झोप आणि संध्याकाळी गच्चीवर जेवण हवे असलेल्यांसाठी याहून चांगली जागा नाही. मात्र हॉटेलच्या दाराबाहेर गाव नसतो, वळणांचा रस्ता असतो. संध्याकाळी सहज फेरफटका मारायची सवय असलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी तिथे अडकल्यासारखे होते. हॉटेलची गाडी गावात कधी जाते आणि शेवटची कधी परतते, हे बुकिंगपूर्वीच विचारून ठेवावे. आणखी एक खबरदारी: कड्यावरचे प्रत्येक हॉटेल समुद्राला जोडलेले असतेच असे नाही. कोंकाचेच मोनास्तेरो सांता रोझा पाहा. सतराव्या शतकातल्या मठात २०१२ मध्ये उघडलेले, अवघ्या वीस खोल्यांचे. तिथे समुद्र पाहायचा आणि पोहायचे ते तलावात.

दुसरा थर गावातल्या हॉटेलांचा. पोझितानोचे ले सिरेनुझे १९५१ मध्ये सेरसाले भावंडांनी आपल्या उन्हाळी घरात सुरू केले. जॉन स्टाइनबेक तिथे राहिला आणि १९५३ मध्ये ‘हार्पर्स बझार’मधल्या त्याच्या लेखाने पोझितानो अमेरिकनांच्या नकाशावर आणले. इथे दुकाने, उपाहारगृहे, बोटीचा धक्का सारे पायाखाली. पण हॉटेलला स्वतःचा किनारा नाही. समुद्र म्हणजे पायऱ्या उतरून स्पियाज्जा ग्रांदे, तोही गोट्यांचा. दिवसभर बोटींतून येणाऱ्या गर्दीचा गलका किमतीत धरूनच चालायचे. गावात गाड्यांसाठी एकच एकेरी वळसा आहे, बाकी सगळ्या पायऱ्या. सामान हमालांच्या हाती द्यावे लागते, हे हॉटेल व्हाउचरबरोबर लेखी कळवले तर पहिल्याच संध्याकाळची चिडचिड वाचते.

तिसरा थर रावेल्लो. समुद्रापासून सुमारे ३५० मीटर उंच. हवा थंड, गर्दी कमी, बागा आणि संगीत. संगीतकार व्हाग्नर १८८० मध्ये इथली व्हिला रुफोलो पाहायला आला होता. त्याच बागेत १९५३ पासून संगीत महोत्सव भरतो. कारुझो आणि पालात्झो आव्हिनो ही इथली मोठी नावे. आव्हिनोने खाली मार्मोराता इथे स्वतःचा समुद्रकाठचा क्लब ठेवला आहे आणि पाहुण्यांना गाडीने तिथे नेले जाते. व्हिला चिंब्रोनेपर्यंत मात्र गाडी जातच नाही; चौकातून गल्लीबोळांतून चालत जावे लागते. रावेल्लो हा शांततेचा सौदा आहे. “आम्हाला रोज समुद्रात डुंबायचंय” म्हणणाऱ्या नवविवाहितांना केवळ नाव मोठे म्हणून तिथे पाठवले तर ते रोज गाडीची वाट पाहत बसतील. उलट षष्ट्यब्दीनिमित्त निघालेल्या जोडप्याला पोझितानोच्या पायऱ्यांपेक्षा रावेल्लोचा सपाट चौक शंभर पटींनी मानवतो.

दिशेचेही तसेच. व्हिला रुफोलोतून नजर मायोरीकडे, पूर्वेला जाते. म्हणूनच महोत्सवातली पहाटेची मैफल प्रसिद्ध आहे. सूर्यास्त हवा असेल तर प्रायानोचा विचार करावा. हनिमूनच्या पॅकेजमध्ये ‘सूर्यास्ताचे भोजन’ विकण्यापूर्वी एवढे तपासणे फार अवघड नाही.

या किनाऱ्यावर मोठी नवी हॉटेले का नाहीत, असे ग्राहक विचारतात. उत्तर १९८७ च्या कांपानिया प्रदेशाच्या कायद्यात आहे. सोरेंतो-अमाल्फी द्वीपकल्पाच्या भूदृश्याला त्याने संरक्षण दिले आणि बांधकामाला कडक चौकट घातली. व्हिएत्रीजवळच्या कड्यावर १९७० च्या सुमारास उठवलेले फुएंती हे प्रचंड हॉटेल वर्षानुवर्षे न्यायालयात गाजले आणि १९९९ मध्ये पाडले गेले. इथली बहुतेक आलिशान हॉटेले जुने वाडे, मठ आणि घरे यांत आहेत ती अशी. अमाल्फीच्या डोक्यावरचे आनंतारा कोन्व्हेंतो तेराव्या शतकातल्या मठात आहे.

याचे व्यावहारिक परिणाम दोन. खोल्या कमी असल्याने दरात फारशी घासाघीस होत नाही आणि चांगल्या तारखा महिनोन्‌महिने आधी संपतात. दुसरे म्हणजे एकाच हॉटेलातल्या दोन खोल्या एकसारख्या नसतात. भिक्षूची कोठडी होती तिथे खोली लहान, वाड्याचे दिवाणखाने होते तिथे प्रशस्त. ‘समुद्रदृश्य’, ‘बाजूने समुद्रदृश्य’ आणि ‘अंशतः समुद्रदृश्य’ या तीन वेगळ्या किमती आहेत. गच्ची आहे की नुसती उभे राहण्यापुरती बाल्कनी, हेही वेगळे. म्हणून व्हाउचरवर हॉटेलच्या नावाइतकाच खोलीचा नेमका प्रकार ठळक हवा. आमचा अनुभव असा की सर्वांत महाग हॉटेलातल्या सर्वांत स्वस्त खोलीपेक्षा त्याखालच्या हॉटेलातली चांगली खोली ग्राहकाला जास्त सुख देते. या किनाऱ्यावर तर तो दिवसाचा मोठा भाग खोलीच्या गच्चीतच काढणार असतो.

हंगामाचे गणित आपल्या ग्राहकाच्या सुट्ट्यांशी अर्धेच जुळते. मेची सुट्टी उत्तम: लिंबाच्या बागा हिरव्या, ऊन सोसण्याजोगे. ऑगस्ट टाळावा, १५ ऑगस्टच्या फेरागोस्तोच्या आसपास अख्खी इटली समुद्रावर असते. दिवाळीचे मात्र जपून. बहुतेक आलिशान हॉटेले ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात ती वसंतातच उघडतात. २०२५ चे लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होते, त्यामुळे जमले. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. त्या आठवड्यात फेरीबोटींची वेळापत्रकेही आटलेली असतात. गेल्या वर्षीच्या सहलीची तारीख बदलून तीच सहल पुन्हा विकायची सवय इथे अंगाशी येईल.

जेवणाबद्दल आपण उगाच धास्तावतो आणि चुकीच्या ठिकाणी निर्धास्त राहतो. टोमॅटो, वांगी, झुकिनी, ताजे चीज आणि पास्ता यांच्या या मुलखात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. फसगत होते ती न दिसणाऱ्या घटकांमुळे. चेताराची प्रसिद्ध ‘कोलातुरा’ हा अँचोव्ही माशांचा अर्क आहे आणि पास्त्यावर तो नुसता शिंपडला तरी चव देतो. सांता रोझाच्या मठात जन्मली असे सांगतात ती स्फोल्यातेल्ला ही पापुद्र्यांची मिठाई परंपरेने डुकराच्या चरबीत होते. पार्मिजानो रेज्जानोमध्ये वासराचे रेनेट असते, आणि वांग्याच्या पार्मिजानात तेच चीज पडते. जैन ग्राहकासाठी ‘व्हेज’ एवढा शब्द पुरत नाही. काय चालते आणि काय नाही याची इटालियनमधली यादी मुख्य आचाऱ्याकडे आठवडाभर आधी पोचवावी. या दर्जाची हॉटेले अशा विनंत्या मनापासून पाळतात, पण त्या वेळेत आणि स्पष्ट हव्यात.

गटसहलींबद्दल थोडे कडू बोलणे भाग आहे. चाळीस माणसांचा गट पोझितानोत उतरवणे जवळपास अशक्य, म्हणून आपण तो सोरेंतोत, मायोरीत किंवा सालेर्नोत ठेवतो. त्यात गैर काही नाही. सोरेंतोहून पोम्पेई आणि नेपल्सला थेट लोकल रेल्वे आहे आणि एक्सेल्सियर व्हित्तोरियासारखे १८३४ पासूनचे हॉटेलही. पण सोरेंतो द्वीपकल्पाच्या दुसऱ्या अंगाला, नेपल्सच्या उपसागराकडे तोंड करून बसले आहे. ते ‘अमाल्फी किनाऱ्यावरील मुक्काम’ म्हणून माहितीपत्रकात छापणे ही सोय नव्हे, दिशाभूल आहे. ज्येष्ठांच्या गटाला सोरेंतोच अधिक योग्य असते. तेव्हा ते सोरेंतो म्हणूनच, त्याच्या गुणांवर विकावे.

म्हणून आमची सूचना अशी. या किनाऱ्याच्या प्रत्येक कोटेशनमध्ये दराच्या वर चार ओळी असाव्यात. गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती आणि लिफ्ट कुठवर. समुद्रापर्यंतची वाट: लिफ्ट, पायऱ्या की गाडी. खोलीचा नेमका प्रकार आणि तिचे तोंड कोणत्या दिशेला. हॉटेल उघडण्याच्या व बंद होण्याच्या तारखा, आणि लहान मुलांसाठी वयाची अट असल्यास ती. यातली एकही माहिती गुप्त नाही. हॉटेलला एक ईमेल केला की मिळते. ग्राहकाला सुंदर छायाचित्रे फोनवर फुकट मिळतात, दरही मिळतात. या चार ओळी त्याच्या गुडघ्यांशी, सवयींशी आणि सुट्टीशी ताडून पाहणारा माणूस मिळत नाही, आणि आपले सेवाशुल्क त्याच कामाचे आहे. त्या वाचून ग्राहकाने छायाचित्रातले हॉटेल बदलले तर विक्री गेली असे समजू नका. बदललेले हॉटेलही आपणच विकणार आहोत, आणि तिथून परतलेला माणूस पुढच्या सहलीला दुसरीकडे जाणार नाही.