अंगणाचे दार कोणासाठी?

उत्तर इटलीतील पो नदीच्या सपाट, सुपीक खोऱ्यात जून महिना उजाडला की शाळांना कुलपे लागतात, ती थेट सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. तीन महिन्यांची ही सुटी मुलांना जितकी हवीहवीशी, तितकीच ती कष्टकरी आई-वडिलांना चिंतेची. ज्यांचे आजी-आजोबा त्याच गावात आहेत, त्यांचे कसेबसे निभावते. पण ज्यांचे आजी-आजोबा हजारो मैल दूर पंजाबातील एखाद्या खेड्यात आहेत, ज्यांना शेजाऱ्याची भाषा नीट उमगत नाही, त्यांच्या मुलांनी हे तीन महिने कोणाच्या अंगणात काढावेत?

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. क्रेमोना, ब्रेशा, बेर्गामो, मान्तोवा या जिल्ह्यांतील गोठ्यांमध्ये गेल्या तीन-चार दशकांपासून भारतीय, प्रामुख्याने पंजाबी, गोपालक काम करीत आहेत. मध्यरात्र उलटताच पहिले दोहन, दुपारनंतर दुसरे. गाईंना रविवार ठाऊक नसतो आणि सणही ठाऊक नसतो. स्थानिक तरुणांनी हे काम टाकले, तेव्हा या परक्या माणसांनी ते उचलले. ग्राना पादानो आणि पार्मिजानो ही जगभर मिरविली जाणारी चीजे आज ज्या दुधावर उभी आहेत, त्यात या हातांचा वाटा मोठा आहे. इटलीत आज दीड लाखाहून अधिक भारतीय राहतात. नोव्हेल्लारा येथील गुरुद्वाराचे उद्घाटन २००० साली युरोपीय आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष रोमानो प्रोदी यांच्या हस्ते झाले, यावरून या समाजाने तेथे मिळविलेल्या मानाची कल्पना यावी. पण त्याच देशात, लातिना जिल्ह्यात, जून २०२४मध्ये यंत्रात हात तुटलेल्या एका पंजाबी शेतमजुराला रुग्णालयात नेण्याऐवजी त्याच्या घराबाहेर टाकून देण्यात आले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला, हेही विसरता येत नाही. परमुलुखात गेलेल्या माणसाच्या वाट्याला मान आणि अपमान हे असे शेजारी शेजारीच येतात.

अशा कुटुंबांतील मुलांना उन्हाळ्यात जे अंगण मिळते, ते बहुधा गावच्या कॅथलिक चर्चचे असते. तेथे बहुतेक पॅरिशना, म्हणजे आपल्या वसईकडील ख्रिस्ती बांधवांच्या भाषेत धर्मग्रामांना, जोडून एक ओरातोरिओ असते. एक मोकळे पटांगण, त्यात फुटबॉलचे गोलखांब, दोन-चार खोल्या, पाण्याचा नळ आणि सावलीला झाडे, एवढेच त्याचे वैभव. शाळा सुटल्या की तेथे ‘ग्रेस्ट’ भरते. ‘ग्रुप्पो एस्तिव्हो’ अर्थात ‘उन्हाळी गट’ या शब्दांचा तो संक्षेप. काही आठवडे, सोमवार ते शुक्रवार, सकाळपासून दुपार उलटेपर्यंत गावातील शंभर-दोनशे मुले तेथे एकत्र येतात. गाणी, खेळ, गोष्ट, हस्तकला, प्रार्थना, एकत्र भोजन, सुटीचा अभ्यास, आठवड्यातून एखादी सहल किंवा पोहण्याचा दिवस, असा तो क्रम. लोम्बार्डीतील धर्मप्रांत मिळून दरवर्षी एक सूत्र ठरवितात आणि गाणी-गोष्टी त्याभोवती गुंफतात. २०१५ साली मिलान येथे अन्न या विषयावर जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा ‘सारे पंगतीला’ अशा अर्थाचे सूत्र निवडले गेले होते.

या उपक्रमातील खरी लक्षणीय गोष्ट वेगळीच आहे. ही मुले सांभाळतो कोण? एकटे धर्मगुरू नव्हेत. त्यांची संख्या तर इटलीत वर्षागणिक घटत आहे आणि एकाच धर्मगुरूकडे तीन-तीन, चार-चार पॅरिशचा भार आहे. स्वयंपाकघर आणि नावनोंदणी गावातील आया-आज्या सांभाळतात आणि लहानांच्या तुकड्या सांभाळतात चौदा ते अठरा वयाची मुले-मुली. त्यांना ‘आनिमातोरे’ म्हणतात, चैतन्य आणणारा असा त्याचा अर्थ. वसंत ऋतूत त्यांचे प्रशिक्षण होते, उन्हाळ्यात ती दहा-पंधरा लहानग्यांची ताई-दादा होतात. काल जो मुलगा तुकडीत होता, तो आज तुकडीचा प्रमुख. अशी परंपरा पिढ्यान् पिढ्या चालत राहते. ज्या वयात मुले हातून निसटू लागतात, नेमक्या त्याच वयात त्यांच्यावर दुसऱ्यांची जबाबदारी टाकावयाची, यामागील मानसशास्त्र शाखेवर वाढलेल्या कोणाही कार्यकर्त्याला वेगळे समजावून सांगावयास नको.

या कल्पनेचा उगमही स्थलांतरितांच्या मुलांतच आहे. मुंबईकरांना डॉन बॉस्को हे नाव माटुंग्याच्या शाळेमुळे ठाऊक असते. तो माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. १८४१ साली तोरिनो शहर झपाट्याने वाढत होते. आजूबाजूच्या डोंगरांतून आणि खेड्यांतून गवंडीकाम, धुराडी साफ करणे, विटा वाहणे अशा कामांसाठी मुले शहरात येत, रस्त्यावर राहत आणि बरीचशी तुरुंगात पोहोचत. ८ डिसेंबर १८४१ या दिवशी आस्तीकडून आलेला एक अनाथ, निरक्षर गवंडी मुलगा चर्चमध्ये शिरला. पूजाविधीत साहाय्य करता येत नाही म्हणून तेथील सेवकाने त्याला मारून हाकलले. तरुण धर्मगुरू जॉन बॉस्को याने त्याला परत बोलाविले आणि जवळ बसवून त्याची विचारपूस केली. ओरातोरिओची सुरुवात त्या संभाषणातून झाली, असे त्यांची परंपरा सांगते.

पुढची पाच वर्षे या मेळ्याला जागा मिळेना. दंगामस्ती सहन न होऊन शेजारी तक्रार करीत आणि डॉन बॉस्को मुलांना घेऊन कधी गिरणीच्या आवारात, कधी भाड्याच्या खोल्यांत, कधी उघड्या कुरणात जाई. अखेर एप्रिल १८४६मध्ये वाल्दोक्को भागात एक पडकी पडवी भाड्याने मिळाली. तेथे केवळ प्रार्थना झाली नाही. रात्रीचे वर्ग झाले, हातकामाच्या कार्यशाळा निघाल्या आणि मुलांना कामावर ठेवणाऱ्या मालकांशी लेखी करार झाले. १८५२ सालच्या अशा एका करारात मालकाने मुलाला मारावयाचे नाही, शब्दांनी समजावयाचे. सुटीच्या दिवशी कामाला जुंपावयाचे नाही, अशी कलमे आहेत. बालकामगारविषयक कायद्यांचा मागमूसही नसतानाच्या काळातील ही गोष्ट आहे. त्याचे अनुयायी १९०६ साली तंजावरला आले आणि भारतात त्यांच्या शाळांचे जाळे विणले गेले.

आज त्या गवंड्याच्या पोराची जागा पंजाबी, मोरोक्कन, रुमानियन, अल्बानियन मुलांनी घेतली आहे. नाव नोंदविण्याच्या निमित्ताने आई दारात येते, तिला भाषा येत नाही हे कळते, मग तिच्यासाठी भाषेचा वर्ग निघतो. कागदपत्रे अडली असतील, घरभाडे थकले असेल, तर कारितास या चर्चच्या सेवासंस्थेचे केंद्र असते. त्याचे इटालियन नावच मुळी ‘ऐकून घेण्याचे केंद्र’ असे आहे. सप्टेंबर २०१५मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी युरोपातील प्रत्येक पॅरिशने एका निर्वासित कुटुंबाला आसरा द्यावा, असे आवाहन केले. ते सर्वत्र पाळले गेले असे नव्हे. पण आवाहन करण्याजोगी एक रचना गावोगाव उभी होती, हे त्यातील मर्म.

येथे एक प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. ज्या अंगणात दिवसाचा प्रारंभ ख्रिस्ती प्रार्थनेने होतो, गोष्टी बायबलच्या आधाराने गुंफल्या जातात, तेथे शीख, हिंदू वा मुसलमान घरातील बालकाने जावे काय? सेवा कोठे संपते आणि धर्मप्रसार कोठे सुरू होतो? भारतात या प्रश्नाला कडवट इतिहास आहे. १९५६चा नियोगी समितीचा अहवाल हा त्याचाच पुरावा. म्हणून शंका घेणाऱ्याला संकुचित ठरविणे अन्यायाचे होईल. तथापि शंकेच्या जोडीला निरीक्षणही हवे. ग्रेस्टमध्ये क्रूस लपविलेला नसतो. जागा कोणाची आहे हे पालकांना पहिल्या दिवसापासून दिसते. अनेक ठिकाणी अन्यधर्मीय मुलाला प्रार्थनेच्या वेळी नुसते शांत उभे राहण्याची मुभा असते आणि त्याच्या ताटात काय चालते, काय नाही, याची विचारपूस होते. जेथे असे घडते, तेथे ती सेवा आहे. जेथे अन्नाच्या, औषधाच्या वा शिक्षणाच्या बदल्यात श्रद्धा मागितली जाते, तेथे ती सेवा उरत नाही, मग ती कोणत्याही धर्माच्या नावाने चाललेली असो. पालकांना सारे ठाऊक असावे आणि बालकावर सक्ती नसावी, ही कसोटी साधी आहे. ती दुसऱ्याला लावताना स्वतःलाही लावावी लागते.

तसेच, मुलांमध्ये काम करणाऱ्या कोणत्याही संस्थेने केवळ सद्हेतूवर विसंबून चालत नाही, हा धडा खुद्द चर्चनेच फार मोठी किंमत मोजून घेतला. अल्पवयीनांवरील अत्याचारांची प्रकरणे देशोदेशी उघड झाल्यानंतर इटलीच्या बिशप परिषदेने २०१९ साली बालसंरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. हा धडा प्रत्येक संस्कारवर्गाने आणि प्रत्येक वसतिगृहाने, अशी किंमत मोजण्याची वेळ येण्यापूर्वीच, शिकावा हे बरे.

इटलीच्या संसदेने २००३ साली २०६ क्रमांकाचा कायदा करून ओरातोरिओंच्या सामाजिक कार्याला मान्यता दिली. त्यात देशात राहणाऱ्या कोणत्याही राष्ट्रीयत्वाच्या मुलांचा उल्लेख आहे आणि कॅथलिक चर्चबरोबरच राज्यसंस्थेशी करार झालेल्या अन्य धर्मसंस्थांनाही त्या तरतुदीत स्थान आहे. इटलीतील हिंदू संघाशी असा करार २००७ साली झाला आणि २०१२च्या अखेरीस त्याचा कायदा झाला. दीपावलीला त्यात मान्यता मिळाली. म्हणजे दार तत्त्वतः हिंदू समाजासाठीही उघडे आहे. परदेशातील भारतीय कुटुंबांनी दुसऱ्याच्या अंगणाचा कृतज्ञतेने लाभ घ्यावा. पण एक दिवस आपलेही अंगण असावे आणि त्यात त्या गावच्या इटालियन मुलांनाही आमंत्रण असावे, ही आकांक्षा त्यांनी का धरू नये? गुरुद्वारांतील लंगरने हा मार्ग दाखविलेलाच आहे. त्या पंगतीत बसणाऱ्याला त्याचा धर्म विचारला जात नाही.

आणि येथे दृष्टी परत घराकडे वळते. क्रेमोनाच्या गोठ्यातील पंजाबी मूल जसे तेथे परके, तसेच बीडच्या ऊसतोड कामगाराचे मूल सांगली-कोल्हापूरच्या फडावर परके असते. वीटभट्टीवरचे, इमारतीच्या बांधकामावरचे मूल पुण्या-मुंबईत परके असते. त्याची भाषा आपली, देव आपले, सण आपले. तरीही ते पालाच्या पलीकडे येत नाही, कारण त्याला कोणी बोलावीत नाही. गावाच्या मध्यभागी मंदिराचे फरसबंद आवार दुपारी ओस पडलेले असते. गणेशोत्सव मंडळांपाशी तरुण आहेत, निधी आहे, दहा दिवसांत सबंध वस्ती हलविण्याचे सामर्थ्य आहे. उरलेले दिवस ते सामर्थ्य कोठे असते? यमगरवाडीसारख्या प्रकल्पांनी पारध्यांच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी घर उभे केले, हे निःसंशय अभिमानास्पद आहे. परंतु दूरच्या प्रकल्पाला देणगी पाठविणे निराळे आणि स्वतःच्या देवळाच्या आवारात पालावरच्या मुलाला आपल्या मुलाशेजारी बसविणे निराळे. पहिल्याने पावती मिळते; समरसता दुसऱ्याने येते.

पॅरिश या व्यवस्थेचे बळ पैशात नाही, संघटनेच्या भव्यतेतही नाही. आपल्या सीमेत जो राहावयास आला तो आपल्या जबाबदारीचा, मग तो आपला असो वा नसो, एवढ्या एका गृहीतात ते आहे. ते गृहीत आपल्यालाही परके नाही. वारीच्या वाटेवरील गावे दरवर्षी लाखो अनोळखी माणसांना जेवू घालतात, दारातल्या पाहुण्याला अतिथी म्हणतात. मात्र वारी पुढे निघून जाते आणि वीटभट्टीवरचे मूल सहा महिने तेथेच राहते. त्याच्यासाठी मोठा निधी लागत नाही, इमारत लागत नाही. मे महिन्याची दुपार, देवळाचा पार, गावातील दहा महाविद्यालयीन मुले, एक चेंडू, थोडी पुस्तके आणि पोटभर खिचडी एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. तोरिनोत १८४६ साली एका पडक्या पडवीवर झाला होता.

दुसऱ्याच्या अंगणात आपली मुले का जातात, असे विचारण्याचा अधिकार समाजाला जरूर आहे. पण त्याआधी आपल्या अंगणाचे दार उघडे होते काय, या प्रश्नाचे उत्तर त्याला द्यावे लागेल.