पाच मैत्रिणी आणि अहमदाबादचे दोन दिवस

दिवाळीचा फराळ संपत आला की पुण्यातील त्या पाच मैत्रिणींच्या घरांत प्रवासाचे वारे वाहू लागतात. पाचही जणी एकाच महाविद्यालयात शिकलेल्या. आता पन्नाशी ओलांडलेल्या. एक शाळेत इतिहास शिकवते, दुसरी पतीसोबत सराफी पेढी सांभाळते, तिसरी बँकेत आहे, चौथी घरच्या घरी पापड-खाकऱ्यांचा व्यवसाय करते. या चौघी ओसवाल घरांतल्या. पाचवी देशस्थ घरातील असून इतक्या वर्षांच्या सहवासाने तिला आठम-चौदस तोंडपाठ झाली आहे. वर्षातून एकदा दोन दिवस, तेही मुले-नातवंडे आणि यजमान यांना वगळून, कुठल्यातरी शहरात मनसोक्त भटकायचे, हा त्यांचा नेम.

यंदा अहमदाबाद ठरले. बेत आखण्याचे काम सराफीणबाईंनी अंगावर घेतले आणि एका रात्रीत आराखडा गटावर पाठवूनही दिला. पहिल्या दिवशी दुपारी विश्रांती, संध्याकाळी लॉ गार्डनचा चनिया-चोळीचा बाजार, रात्री नऊला माणेक चौकातील खाऊगल्ली, त्यानंतर साबरमतीच्या काठाने फेरफटका. दुसऱ्या दिवशी उशिरा उठणे, खरेदी, आणि पुन्हा रात्री बाहेर जेवण. आराखड्याखाली फुलांची आणि आतषबाजीची चित्रे होती.

तासाभरात खाकरेवालीचे उत्तर आले : ‘यंदा मला जमणार नाही. घरी पाहुणे यायचे आहेत.’

पाहुणे कोणी येणार नव्हते, हे चौघींनाही ठाऊक होते. गेल्या पर्युषणापासून तिने चौविहाराचा नियम घेतला होता. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. त्यापूर्वीही ती रात्री जेवत नसेच. पण तेव्हा पाण्याची मोकळीक होती. मागच्या सहलीत चौघी जेवायला गेल्या तेव्हा ही खोलीत बसून राहिली होती. परत आल्यावर प्रत्येकीने तिला आळीपाळीने समजावले होते, की परगावी एवढे चालते.

आपल्या समाजात हा प्रसंग नवा नाही. नियम घेणाऱ्याचा गौरव व्यासपीठावर होतो, पण सहलीच्या गाडीत तोच नियम अडचणीचा वाटू लागतो. मग नियम पाळणारा माणूस हळूच बाजूला होतो, आणि उरलेले ‘तिला आवडत नाही बाहेर जायला’ असे म्हणून मोकळे होतात.

शिक्षिकेने मात्र फोन न करता सरळ तिचे घर गाठले. देशस्थ मैत्रीण सोबत होती. तिने आडपडदा न ठेवता विचारले, “आम्ही तुझ्यासमोर रात्री खाल्लं तर तुला त्रास होतो का गं?”

“खाण्याचा नाही होत,” ती म्हणाली, “समजूत घालण्याचा होतो. ‘एका दिवसानं काय होतंय’ म्हणता ना, त्याचा होतो. मी काही मन मारून बसलेली नसते. पण तुम्ही माझ्याकडे तसं बघता, आणि मग मला खोलीतच बरं वाटतं.”

त्या दिवशी चहा गार झाला, आणि बेत मुळापासून बदलला.

शिक्षिकेचे म्हणणे सरळ होते. अहमदाबाद हे रात्री जागणारे शहर खरेच, पण त्याचा जुना भाग सकाळीच उठतो. बेत उजेडाभोवती रचला तर कोणाचेच काही बुडत नाही. तिने वहीत सर्वप्रथम सूर्याच्या वेळा लिहिल्या. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिथे सूर्योदय सव्वासातच्या थोडा पुढे आणि सूर्यास्त सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान. म्हणजे हाताशी अकरा तास. पाच जणींच्या गुडघ्यांचा विचार करता तेवढे पुष्कळ होते.

तारखेवरूनही थोडी चर्चा झाली होती. सराफीणबाईंना 14 जानेवारीची उत्तरायण हवी होती, कारण त्या दिवशी पोळांमधील प्रत्येक गच्ची पतंगांनी गजबजते. परंतु त्याच आभाळात मांज्याने कापल्या जाणाऱ्या पाखरांची संख्या एवढी असते, की गुजरात सरकारला त्या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी ‘करुणा अभियान’ चालवावे लागते. हे कळल्यावर तिनेच तारीख पुढे ढकलली. शिवाय त्या दिवसांत खोल्यांचे भाडेही चढलेले असते, ही बँकवालीची पुस्ती.

बेताचा गाभा ठरला तो पोळांमधला फेरफटका. अहमदाबादच्या जुन्या तटबंदी शहराला 2017 साली जागतिक वारसा शहराचा दर्जा मिळाला. भारतातील ते असे पहिले शहर. त्याच्या वीस वर्षे आधीपासून, म्हणजे 1997 पासून, तेथील महानगरपालिका सकाळची वारसा पदयात्रा चालवते. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून ती निघते आणि जुम्मा मशिदीपाशी संपते. सकाळी आठच्या सुमारास सुरू होऊन साडेदहापर्यंत चालते. कवी दलपतरामांच्या घराची जागा, लाकडी कोरीवकामाचे वाडे, एका पोळातून दुसऱ्या पोळात निघणाऱ्या अरुंद वाटा, आणि चौकाचौकांत उभे असलेले चबुतरे, असे बरेच काही तीत पाहायला मिळते. चबुतरा म्हणजे खांबावर उभारलेले पाखरांना दाणे घालण्याचे छोटे घर. झाडे तोडून वस्ती केली तेव्हा पाखरांचा आसरा गेला, त्याची ही भरपाई, असे तेथील लोक सांगतात. जीवदयेची शिकवण एखाद्या शहराच्या बांधणीत इतकी सहज मुरलेली दुसरीकडे क्वचितच दिसेल. पोळांमध्ये देरासरेही आहेत, पण बाहेरून ती साध्या घरासारखी वाटतात आणि उंबरा ओलांडल्यावर आतले वैभव उलगडते. दोशीवाडा पोळातील अष्टापद देरासर शिक्षिकेने वहीत दोनदा अधोरेखित केले.

अडचण एकच होती. आठ वाजता पदयात्रा म्हणजे नवकारशीची वेळ नुकतीच होत असणार. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे धरली तर आठ वाजून सात-आठ मिनिटे. तोंडात काही घालायचे तर चालता चालताच. खाकरेवालीने बोटांवर हिशेब केला आणि हसली. “दिवसाचा पाव भाग म्हणजे दहाच्या सुमारास पोरिसी होते. पदयात्रा साडेदहाला संपते. म्हणजे मला पोरिसीचं पचक्खाण आयतंच घडतंय की! तुम्ही चालताना खुशाल खा, मी चबुतरे बघते.”

पदयात्रा जिथे संपते तिथून माणेक चौक चार पावलांवर आहे. या चौकाची रीत मोठी मजेची. सकाळी तिथे भाजी आणि गुरांचा चारा, दिवसभर सराफ बाजार, आणि पेढ्यांची दारे बंद झाली की त्याच फरसबंदीवर रात्री उशिरापर्यंत चालणारी खाऊगल्ली. सराफीणबाईंना दिवसाचा चौक हवा होता हे त्यांना स्वतःलाही तेव्हाच उमगले. धंद्याच्या दृष्टीने अहमदाबादचे सराफ कसे बसतात, कसे बोलतात, हे पाहण्याची त्यांना जुनी हौस होती. जवळच हरकुंवर शेठाणींची हवेली आहे. तिच्या लाकडी कोरीवकामासमोर मान वर करून किती वेळ उभे राहावे, याला मर्यादा नाही.

या हरकुंवरबाईंमुळेच दुसऱ्या दिवसाची सकाळ ठरली. दिल्ली दरवाजाबाहेरचे हठीसिंग देरासर बांधायला घेतले शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी. पण ते पुरे होण्याआधीच त्यांचे निधन झाले. त्या काळात विधवा स्त्रीने एवढे काम हाती धरणे सोपे नव्हते. हरकुंवरबाईंनी ते धरले, स्वतः देखरेख केली, आणि 1848 मध्ये पंधरावे तीर्थंकर श्री धर्मनाथ भगवंतांची तेथे प्रतिष्ठा झाली. पांढऱ्या संगमरवरातील मूळ मंदिर आणि भोवती बावन्न देवकुलिका. सकाळी गर्दी वाढण्याआधी गेले तर पूजा निवांत होते आणि सूर्य वर येताना खांबांवरची नक्षी एकेक करून उजळत जाते. पूजेची वस्त्रे वेगळी घ्यावीत, असे खाकरेवालीने सर्वांना बजावले, देशस्थ मैत्रिणीलाही. “मी ओवरीत बसून बघेन,” ती म्हणाली. “बघायला बंदी नाही ना?” हे वाक्य कोणाला उद्देशून होते, ते दोघींना कळले.

दुपारसाठी नवरंगपुऱ्यातील लालभाई दलपतभाई संग्रहालय. मुनिश्री पुण्यविजयजींनी जमवलेल्या हस्तलिखितांचा ठेवा आणि कस्तुरभाई लालभाई यांचा पुढाकार, यांतून शेजारची भारतीय विद्या संस्था उभी राहिली. तिची इमारत बाळकृष्ण दोशी यांची, आणि दोशींचा जन्म पुण्याचा, त्यामुळे या गटाला तेवढाच अभिमान. संग्रहालय सोमवारी बंद असते. शाहीबागेतील कॅलिको वस्त्रसंग्रहालय बुधवारी बंद, आणि पूर्वनोंदणीशिवाय तिथे प्रवेशच नाही. मोजक्या माणसांनाच एका वेळी आत सोडतात. नोंदणी मिळाली तर जायचे, नाही तर खंत करायची नाही, असे ठरले. अडालजची वाव सुंदर आहे. पण शहराबाहेर जाऊन येण्यात अर्धा दिवस जातो, म्हणून ती पुढच्या खेपेला.

साबरमती आश्रम मात्र वगळता येईना. 12 मार्च 1930 रोजी दांडीयात्रा तिथूनच निघाली. तिथे विनोबांची कुटी आहे, आणि आश्रमात भजनांची परंपरा रुजवणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे महाराष्ट्राचेच. पहिल्या दिवशी दुपारी चारला तिथे पोहोचायचे आणि साडेपाचपर्यंत पालडीत येऊन जेवायचे. पालडी भागात जैन वस्ती मोठी, त्यामुळे भोजनशाळा आणि कंदमुळाविना जेवण सहज मिळते. जानेवारी म्हणजे उंधियूचे दिवस. परंतु नेहमीच्या उंधियूत कंद, रताळे, बटाटा सगळेच असते. तेव्हा पानात पडल्यावर विचारण्याऐवजी आधीच ‘जैन उंधियू’ म्हणून सांगावे. कच्ची केळी, पापडी आणि मुठिया घालून ते तितकेच चविष्ट होते, असे पापड-खाकऱ्यांच्या तज्ज्ञांचे मत पडले.

आणि रात्रीचा माणेक चौक? तो कोणी रद्द केला नाही. खाकरेवालीनेच तो परत लिहायला लावला. “मला बघायचाय तो. सकाळी सोनं आणि रात्री पावभाजी, एकाच दगडावर. मी सोबत येईन, उभी राहीन, हवं तेवढं हसेन. फक्त एक, कोणी प्लेट पुढे करायची नाही आणि कोणी माझ्यामुळे अर्धपोटी राहायचं नाही.” सराफीणबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “साडेपाचला तुझ्याबरोबर जेवल्यावर रात्री भूक राहील का, तेच बघायचंय मला.”

बँकवालीने पैशांची व्यवस्था बदलली. आजवर सामाईक पाकिटात सर्वांनी सारखे पैसे टाकायचे आणि त्यातूनच सगळे भागवायचे, अशी पद्धत होती. म्हणजे जी रात्री खात नाही ती इतरांच्या कुल्फीचे पैसे भरत आली होती. इतकी वर्षे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. किंवा आले असेल तर जिच्या आले ती बोलली नव्हती. आता पाकिटे दोन. राहणे, वाहन, प्रवेशशुल्क आणि दिवसाउजेडीचे जेवण पहिल्यातून, सूर्यास्तानंतरचे दुसऱ्यातून.

गाडीचा प्रश्न उरला होता. पुण्याहून अहमदाबादला जाणाऱ्या एका गाडीचे नावच अहिंसा एक्स्प्रेस आहे. त्या नावावर सगळ्यांचा जीव. पण ती आठवड्यातून एकदाच धावते आणि शुक्रवारच्या बेतात बसेना. मग रात्रीची दुसरी गाडी निवडली. जाताना घरून जेवूनच निघायचे. परतीच्या दिवशी पालडीतच सूर्यास्तापूर्वी जेवून स्टेशन गाठायचे. पालडीहून मेट्रोने जुन्या हायकोर्टाच्या स्थानकावर मार्ग बदलला की थेट काळुपूर, त्यामुळे संध्याकाळच्या रहदारीची धास्ती नाही. उकाळलेल्या पाण्याचे दोन थर्मास खाकरेवाली घेणार. खाकरे अर्थातच तिचे.

रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडते. त्या दिवशी बँकवाली पावणेआठपासून संगणकासमोर बसली होती. पाच नावे, पाच वये आधीच लिहून ठेवलेली. आठ वाजून तीन मिनिटांनी गटावर तिकिटाचे छायाचित्र आले. सव्वाआठला पहिली तक्रार आली : खालचे बर्थ दोनच मिळाले होते आणि गुडघेदुखी चौघींना होती. खाकरेवालीने लिहिले, ‘मी वरती जाते. रात्री पाणी प्यायला उठायचं नसतं मला.’