भुकटी किती फुगते, ते आपल्या विहिरीच्या पाण्याला विचारा



पाणी धरून ठेवणाऱ्या भुकटीची जाहिरात हल्ली गावोगाव फिरते आहे. एक ग्रॅम भुकटी चारशे ग्रॅम पाणी धरते, पाण्याच्या पाळ्या वाचतात, असे विक्रेते सांगतात. ही भुकटी कारखान्याने उधारीवर द्यावी आणि रक्कम ऊसबिलातून कापावी, अशी मागणी काही गटांतून होत आहे. माझे मत स्पष्ट आहे. आपल्या भागातल्या पाण्यात ती किती फुगते याचा आकडा हाती येईपर्यंत ती कोणाच्याही बिलाला लावू नये. ज्यांच्या रानात खार फुटली आहे, त्यांच्या तर मुळीच नाही. असे का म्हणतो ते थोडे सविस्तर सांगतो, कारण कापले जाणार ते तुमचे बिल.

पॉलिमर म्हणजे लहान लहान कड्यांची लांबलचक साखळी. अशा बऱ्याच भुकट्या सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट किंवा त्याच जातीच्या पदार्थाच्या असतात. या साखळ्या सुट्या असल्या तर पाण्यात विरघळतात. त्यांना जागोजाग गाठी मारून जाळे केले की त्या विरघळत नाहीत, नुसत्या फुगतात. पाण्यात पडल्यावर साखळीवरचा सोडियम सुटा होतो आणि कडीकडीवर ऋण विद्युतभार उरतो. सारखे भार एकमेकांना लोटतात. भावकीत तंटा झाला की एकेक भाऊ लांब घर बांधतो, तशा कड्या लांब सरकतात आणि साखळी पसरते. सुटा झालेला सोडियम मात्र जाळ्यातच अडकून राहतो. आत त्याची दाटी, बाहेर गोडे पाणी, म्हणून पाणी आत ओढले जाते. चारशे पटीचा आकडा येतो तो इथून.

आता पाण्यात मीठ घाला. क्षाराचे कण साखळीभोवती गर्दी करतात. मध्ये माणसे उभी राहिली की भांडणाऱ्यांना एकमेकांचे तोंड दिसत नाही, तसेच होते. लोटालोटी कमी होते, साखळी आखडते. बाहेरही क्षार असल्याने पाण्याची आत येण्याची ओढ मंदावते. काकडीला मीठ लावले की पाणी सुटते, हे घरातल्या माउलीला सांगावे लागत नाही. तोच प्रकार इथे आहे.

हे सगळे साध्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शास्त्रज्ञ ते संगणकावर मांडून पाहतात. साखळीच्या कड्या, पाण्याचे रेणू, क्षाराचे कण यांच्या जागा मांडायच्या, कोण कोणाला किती ओढतो नि लोटतो याचा हिशेब करायचा, सर्वांना एक बारीकसे पाऊल पुढे सरकवायचे आणि पुन्हा हिशेब करायचा. अणू-अणू धरून केलेल्या हिशेबात एक पाऊल सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागाएवढे असते. अशी कोट्यवधी पावले टाकावी लागतात. आपल्या हैदराबादला जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेत आर्गॉन द्रवाचे ८६४ अणू असे संगणकावर चालवून दाखवले. १९७१ साली त्यांनी स्टिलिंजर यांच्याबरोबर पाण्याचे २१६ रेणू चालवले. १९९५ साली स्टीव्हन्स आणि क्रेमर यांनी भारित साखळ्यांचा असाच सविस्तर हिशेब प्रसिद्ध केला. त्यात दिसले की मीठ नसलेल्या द्रावणातही साखळी काठीसारखी ताठ नसते, तिला वळणे असतातच. मीठ वाढवत गेल्यावर ती आणखी कशी आखडते, तेही या पद्धतीने कडीकडीने पाहता येते.

एका कडीचा भार दुसरीला किती अंतरापर्यंत जाणवतो, याचे गणित ठरलेले आहे. लिटरमागे सुमारे अर्धा ग्रॅम खाण्याचे मीठ असेल तर ते अंतर सुमारे ३ नॅनोमीटर, आणि मीठ दहापट केले तर सुमारे १ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. मिठाने अंतर असे तोकडे होते आणि फुगवटा उतरतो. सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे जाळे शुद्ध पाण्यात काही शे पट पाणी घेते. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात तेच साधारण ३० ते ६० पटींवर येते.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तर आणखी वाईट. सोडियमला एक हात, यांना दोन. एक हात एका कडीला, दुसरा दुसऱ्या कडीला, आणि जाळे आवळले जाते. आपल्या चुनखडीच्या जमिनींत आणि जड पाण्याच्या विहिरींत कॅल्शियमला तोटा नाही.

गंमत अशी की हाच कॅल्शियम कारखान्यात आपला मित्र आहे. रसाला चुना दिल्यावर क्लॅरिफायरमध्ये गाळ लवकर बसावा म्हणून पॉलिमरचे द्रावण सोडतात, तेही दहा लाख भागांत दोनचार भाग इतकेच. तिथे कॅल्शियम हा गाळाचा कण आणि साखळी यांच्यामध्ये पूल बांधतो, कण गोळा होतात नि खाली बसतात. मात्र ते द्रावण तयार करताना पाणी चांगले लागते. जड पाण्यात साखळी नीट उलगडत नाही आणि माल वाया जातो. वस्तू एकाच घराण्यातली, पण पाणी बदलले की गुण बदलतो.

कोणी म्हणेल, संगणकाने सांगितले म्हणजे झाले, पाणी तपासायचे कशाला? तसे नाही. संगणक त्याला दिलेल्या नियमांवरच चालतो. जुन्या नमुन्यांत कॅल्शियमची साखळीशी मिठी प्रत्यक्षापेक्षा घट्ट येत असे, हे प्रयोगांशी ताडून पाहिल्यावर कळले. म्हणून आता काही शास्त्रज्ञ हिशेबात त्याचा भार पाऊणपट धरतात. शास्त्रज्ञसुद्धा आपला आकडा काट्यावर तोलून घेतात, मग आपण का घेऊ नये? दिशा संगणक दाखवील, आकडा आपल्या पाण्याने द्यावा.

आता व्यवहार बघा. एकरी ५ किलो भुकटी धरू. चारशे पट धरले तरी २,००० लिटर पाणी झाले. क्षारात चाळीस पटींवर आली तर २०० लिटर. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार लिटर. म्हणजे जाहिरातीचा आकडा खरा धरला तरी भुकटीत एका वेळी मावणारे पाणी एकरी इंचाच्या दोन टक्क्यांच्या आतच. दर पाळीला ती पुन्हा भरते आणि मुळाजवळ असते, हे मान्य. पण पाळ्या वाचण्याचे गणित यातून कसे बसते, ते विकणाऱ्याने लेखी मांडून दाखवावे.

या मालाचा अजिबात उपयोग नाही, असे मी म्हणत नाही. रोपवाटिकेत ट्रेमधल्या रोपांना, गोड्या पाण्यावर, मोजक्या प्रमाणात वापरून बघायला हरकत नाही. पण खारवट रानाचे औषध ते नव्हे. उसाला जमिनीच्या संपृक्त अर्काची क्षारता १.७ डेसीसायमनच्या वर गेली की उत्पादन घटू लागते. अशा रानाला निचरा पाहिजे, चर किंवा भूमिगत पाइप पाहिजे. माती चोपण असेल तर तपासणी करून जिप्सम, जोडीला हिरवळीचे खत, आणि पाटाला मोकाट पाणी सोडण्याची सवय बंद. फुले २६५ सारखा क्षार सोसणारा वाण निवडता येतो. ज्या पैशात भुकटी येते, त्या पैशात माती-पाणी तपासणी होऊन बांधावरचा बुजलेला चरही उकरून निघेल.

खात्री करायची तर अशी करा. सुती फडक्याच्या तीन सारख्या पुरचुंड्या करा, प्रत्येकीत एक ग्रॅम भुकटी घाला आणि तोंड सैल बांधा. एक पुरचुंडी लिटरभर बॅटरीच्या पाण्यात, दुसरी आपल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात, तिसरी रानातली माती कालवून निवळलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा. इथे बॅटरीचे पाणी म्हणजे शुद्ध पाणी, आम्ल नव्हे. सकाळी पुरचुंड्या पाव तास निथळू द्या आणि तोला. ओल्या फडक्याचे वजन वजा करा. तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

संचालक मंडळास माझी विनंती आहे की, गटवार अशी तपासणी करून आकडे गट ऑफिसच्या फळ्यावर लावावेत, आणि विहिरीच्या पाण्यातला आकडा पिशवीवर छापल्याशिवाय कोणताही माल उधारीत घेऊ नये. सभासदांनीही दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: चारशे पट, पण कोणत्या पाण्यात?

– ऊस विकास अधिकारी